चिमण्या, पिंगळे आणि छोटी वटवाघळं: लाकडी घरटं कसं निवडावं, कुठे टांगावं

दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, गावोगावी लाकडी घरटी वाटली जातात. पुढच्या मार्चमध्ये त्यातली बरीचशी तशीच कोरी लटकत असतात. कारणं बहुतेक वेळा ठरलेली: भोक नको तेवढं मोठं, तोंड पश्चिमेच्या उन्हाला, छप्पर सपाट, किंवा त्या गल्लीत मुळात चिमणीच नाही. शिवाय २० मार्च ही तारीखच उशिराची आहे. चिमण्यांची वीण आपल्याकडे जवळजवळ वर्षभर अधूनमधून चालू असते, पण तिचा मोठा भर फेब्रुवारीपासून सुरू होतो आणि जागा त्याआधीच हेरलेली असते. संक्रांतीच्या सुमारास घरटं भिंतीवर असेल तर ते पहिल्या विणीला उपयोगी पडेल. ती वेळ हुकली तर पावसाळा सरता सरता दुसरी संधी मिळते.

दुसरी अडचण आराखड्यांची. पुस्तकांत आणि इंटरनेटवर मिळणारी बहुतेक मापं इंग्लंड-अमेरिकेतल्या थंडीसाठी काढलेली आहेत. तिथे आतली ऊब टिकवायची असते. आपल्याला एप्रिल-मेचं ऊन आणि जून-जुलैचा वाऱ्यासकट येणारा पाऊस या दोन्हींपासून पिल्लं वाचवायची आहेत. तिकडचा आराखडा जसाच्या तसा नागपुरात किंवा रत्नागिरीत वापरला तर भोकाचं माप बरोबर येईल, बाकी बरंच चुकेल.

आधी अंगणात कोण आहे ते पाहा

खोक्यात तेच पक्षी येतात जे ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात अंडी घालतात. बुलबुल, शिंजीर, शिंपी, होला, सुगरण, मुनिया यांतला एकही पक्षी बंद खोक्यात येणार नाही. बुलबुलाला झुडपातली बेचकी लागते, शिंप्याला शिवता येईल असं रुंद पान आणि सुगरणीला लोंबती फांदी. गॅलरीत रोज बुलबुल येतो म्हणून त्याच्यासाठी खोका विकत आणण्यापेक्षा मधुमालतीचा वेल दाट होऊ द्या. त्याला तेच आवडेल.

खोका स्वीकारणाऱ्यांत चिमणी पहिली. मग दयाळ, साळुंकी, भांगपाडी मैना, झाडी जास्त असलेल्या भागात राखी वल्गुली, जुन्या झाडांजवळ पिंगळा आणि पोपट, शेताच्या कडेला गव्हाणी घुबड. तांबट या यादीत मोडत नाही. तो स्वतःच मऊ, वाळक्या लाकडात भोक कोरतो. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर ती छाटू नका. तांबटाने सोडलेली ढोली पुढे वल्गुली किंवा चिमण्या वापरतात, आणि माणसाने केलेल्या कुठल्याही खोक्यापेक्षा ती सरस असते.

आठवडाभर सकाळी उजाडल्यावर अर्धा तास बाहेर बसा. चोचीत काडी घेऊन कोण कुठे जातंय? एसीच्या पाइपच्या भोकात, विजेच्या मीटरच्या पेटीत, दुकानाच्या शटरवरच्या खाचेत कोण डोकावतंय? चिमणी आपला परिसर सोडून लांब जात नाही. दोनशे-तीनशे मीटरच्या टापूत चिमण्याच नसतील तर खोक्याच्या ओढीने त्या येतील ही आशा सोडा आणि दयाळाचा विचार करा. सोसायटीत थोडीफार झाडं असली की दयाळ असतोच. मार्च ते मे पहाटे टीव्हीच्या अँटेनावर बसून शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी तो हाच.

भोकाचं माप

भोक किती मोठं आहे यावरून आत कोण जाणार हे ठरतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण जाऊ शकणार नाही हेही.

चिमणीला ३२ ते ३५ मिलिमीटर पुरतात. एवढ्या भोकातून साळुंकी आत शिरू शकत नाही, आणि साळुंकीला रोखणं फार गरजेचं आहे, कारण ती दुसऱ्याचं घरटं बळकावते, आतली अंडी बाहेर फेकते. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे कपाटांच्या ऑटो बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं ड्रिल बिट असतंच. त्यामुळे वेगळं होल सॉ शोधत बसायला नको, त्याच बिटने आरपार भोक पाडून घ्या. राखी वल्गुलीसाठी २८ मिलिमीटर. तिथे चिमणीसुद्धा शिरू शकत नाही.

दयाळाला सुमारे ५ सेंटिमीटर लागतात. तेवढ्यातून साळुंकीही जाते, त्यामुळे दयाळाचा खोका थोडा खाली, दोन-अडीच मीटरवर, झाडोऱ्याच्या आडोशाला ठेवावा. साळुंकीला मोकळी, उंच जागा जास्त पसंत असते. पिंगळ्यासाठी साडेसात ते आठ सेंटिमीटर. या भोकात पोपटही येईल. पोपट आला तर आनंदच आहे, पण तो खोका रस्त्यावरून दिसणारा नसावा. पोपटाची पिल्लं काढून विकणारे लोक अजूनही आहेत, आणि पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे हे ग्राहकालाच ठाऊक नसतं.

भोकाखाली बसायला दांडी नको. बाजारातल्या घरट्यांना ती हमखास असते, कारण ती फोटोत छान दिसते. चिमणीला तिची गरज नसते. कावळ्याला मात्र तिच्यावर बसून आत चोच घालता येते.

चिमणीचा खोका: कापणी आणि जोडणी

लाकूड १८ ते २० मिलिमीटर जाडीचं घ्या. पातळ फळी उन्हात लगेच तापते आणि एका पावसात वाकते. सुताराकडे पडलेले सागाचे किंवा जंगली लाकडाचे तुकडे उत्तम. माल वाहून नेणाऱ्या पॅलेटच्या पाइनच्या फळ्याही चालतात, फक्त त्यावरचा शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णतेची प्रक्रिया केलेली, ती घ्या, ‘एमबी’ असेल तर विषारी धुरी दिलेली, ती नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पहिल्याच जुलैत फुगतात. पत्रा आणि पीव्हीसी पाइप यांचा विचारच करू नका, एप्रिलच्या दुपारी आतली पिल्लं भाजून निघतील.

सेंटिमीटरमधली मापं अशी:

तळ १२ × १२.
पुढची फळी १२ रुंद, २० उंच.
मागची फळी १२ रुंद, २४ उंच.
बाजूच्या दोन फळ्या साडेपंधरा रुंद. मागे २४ आणि पुढे २० उंच, म्हणजे वरची कड तिरकी.
छप्पर २१ × २१.
टांगण्यासाठी मागे लावायची पट्टी ५ रुंद, ४० लांब.

पुढची आणि मागची फळी बाजूच्या फळ्यांच्या मधे बसते, तळ चौघींच्या आत. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर घ्या. त्यामुळे भोक आणि तळ यांत पुरेसं अंतर राहतं आणि मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचत नाही. जोडण्याआधी पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला, भोकाखाली, करवतीने चार-पाच आडव्या चिरा पाडा. पिल्लांना त्या धरून वर चढता येतं. आतून रंधा मारू नका, खरबरीतच राहू द्या.

तळाच्या चार कोपऱ्यांत ५ मिलिमीटरची भोकं पाण्यासाठी. दोन्ही बाजूंना छपराच्या अगदी खाली ८ मिलिमीटरची दोन-दोन भोकं हवेसाठी. ही वरची भोकं विकतच्या घरट्यांत जवळपास कधीच नसतात, आणि आपल्या हवेत ती सगळ्यात जास्त कामाची.

छप्पर स्क्रूने कायमचं बंद करू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून छप्पर आणि मागची फळी यांवर ठोका: बिजागरीही झाली आणि सांध्यातून पाणी गळायचंही थांबलं. पुढे एक छोटी कडी लावली की काम झालं. आतून रंग, वॉर्निश, काही नको. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्या आणि वास जाईपर्यंत पंधरा-वीस दिवस वाळू द्या.

मातीचं मडकं वापरायचं असेल तर जरूर वापरा. ते लाकडापेक्षा गार राहतं. पोटाचा व्यास निदान १५ सेंटिमीटर हवा. मडकं आडवं, तोंड किंचित खाली झुकेल असं बांधायचं आणि तोंडावर ३५ मिलिमीटरचं भोक पाडलेली लाकडी चकती तारेने बसवायची. उघड्या तोंडाचं मडकं म्हणजे कावळ्याला आमंत्रण. आणि ते सज्ज्याखालीच ठेवायचं; उघड्यावर एका वादळात फुटेल.

विकत घेत असाल तर दुकानात तीन गोष्टी तपासा: बोटं घालून तळ मोजा, छप्पर उघडून बघा, भोकात दोन रुपयांचं नाणं धरून अंदाज घ्या. नाणं नव्या-जुन्याप्रमाणे २३ ते २७ मिलिमीटरचं असतं. भोवती थोडीच जागा उरली तर माप चिमणीचं आहे, बाजूने अंगठा सहज जात असेल तर ते साळुंकीचं आहे. लाल-निळी झोपडी, खिडक्या रंगवलेल्या, वर धुराडं, असला प्रकार दिवाणखान्यात ठेवायला ठीक.

टांगायचं कुठे

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, कारण दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं आणि पावसाचा झोतही नैऋत्येकडूनच. म्हणून तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात उत्तरेची भिंत त्याहून बरी. सज्ज्याखालची, जिन्याच्या छताखालची किंवा पत्र्याच्या शेडपासून हातभर खाली असलेली जागा मिळाली तर दिशेचीही फारशी चिंता नाही. जुन्या कौलारू घरात चिमणी वळचणीला राहायची ते याचसाठी: वरून सावली, समोरून मोकळं, आणि माणसाचा वावर असल्यामुळे शिकारी पक्षी लांब.

शंका असेल तर खोका टांगून, तो रिकामा असतानाच, एप्रिलच्या दुपारी तीन वाजता आत साधा थर्मामीटर ठेवून बघा. पारा चाळिशीला टेकत असेल तर जागा बदला.

चिमणीसाठी अडीच ते चार मीटर उंची पुरते. चिमण्या शेजारधर्माच्या पक्षी आहेत. एकाऐवजी दोन-तीन खोके, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर लावले तर लवकर भरतात. दयाळाचं उलट आहे. एका बंगल्याच्या आवारात एकच जोडी, दुसरा खोका लावला तर नराचा वेळ भांडणात जाईल.

खोलीच्या आत, पंखा फिरत असलेल्या जागी घरटं होऊ देऊ नका. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा जिथे येते तिथेही नको. दाणे टाकायची जागा आणि घरटं यांत निदान दहा-बारा पावलं अंतर ठेवा, कारण दाण्यांवर कावळे आणि कबुतरं जमतात. खरं तर शहरात ज्वारी-बाजरीची थाळी मांडून ठेवण्यातून चिमण्यांपेक्षा कबुतरंच वाढतात.

भिंतीत ड्रिल मारून प्लॅस्टिकचा प्लग आणि स्क्रू, एवढी पक्की बांधणी हवी. तारेवर झुलणारा खोका चिमणी टाळते. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. वीण सुरू झाल्यावर रंगकाम निघालं तर घरटं हलवता येणार नाही. अंडी किंवा पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावणं कायद्यानेही गुन्ह्यात मोडतं.

झाडावर लावायचा असेल तर खिळा ठोकू नका. खोडाभोवती जुन्या टायर-ट्यूबचा पट्टा बांधा आणि वर्षातून एकदा सैल करा. मांजर चढत असेल तर खोडाला किंवा खांबाला खोक्याच्या खाली पत्र्याचा पसरट शंकू बसवा. शेजारच्या फांद्या दोन मीटरच्या आत असतील तर खार आणि मांजर दोघंही उडी मारतात, तेवढ्या छाटून टाका.

पिंगळा आणि गव्हाणी घुबड

पिंगळ्याला तळ २० × २० आणि उंची ३५ ते ४० सेंटिमीटर लागते. जागा चार-पाच मीटरवर, जुन्या आंब्यावर किंवा वडावर. घुबडं काड्या आणत नाहीत, त्यामुळे तळाला तीन-चार सेंटिमीटर कोरडा लाकडी भुसा तुम्हालाच घालायचा. त्यांची वीण हिवाळ्यात सुरू होते, म्हणून खोका दिवाळीपूर्वी लावलेला बरा. पिंगळ्याचं ओरडणं अशुभ मानणारे शेजारी असतील तर आधी त्यांच्याशी बोला. किडे, उंदीर, पाली हा त्याचा आहार आहे एवढं सांगितलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

गव्हाणी घुबडाचा खोका, साधारण ६० लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद-उंच, भोक १४-१५ सेंटिमीटर, फ्लॅटच्या गॅलरीत लावायची वस्तू नाही. गोठा, पंपाची खोली किंवा शेतातला उंच खांब असेल तरच तो करा. उसात आणि भातात उंदरांचा त्रास असलेल्यांनी जरूर करावा, फक्त त्याच शेतात उंदरांचं विषही टाकत असाल तर नको. विषारी उंदीर खाऊन घुबड मरतं.

वटवाघळांसाठी

इथे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. वडा-पिंपळावर उलटी लोंबणारी मोठी, फळं खाणारी वटवाघळं खोक्यात येत नाहीत. खोका असतो तो किडे खाणाऱ्या छोट्यांसाठी: कौलांच्या फटीत, पाटीच्या मागे, भिंतीच्या भेगेत राहणारी, काही ग्रॅम वजनाची, संध्याकाळी दिव्याभोवती गिरक्या घेणारी. कोकणात त्यांना पाकोळ्या म्हणतात. पतंग, भुंगे, पंखवाले वाळवीचे किडे, डास, सगळं ती खातात. एक खोका लावला की डास संपतील हा मात्र विक्रेत्यांचा दावा आहे, त्यावर विसंबून मच्छरदाणी काढू नका.

पक्ष्यांच्या खोक्यात आणि या खोक्यात काहीही साम्य नाही. वटवाघळाला खोली नको, अरुंद फट हवी. मागची फळी ६० उंच आणि ३५ सेंटिमीटर रुंद. तिच्यापुढे फक्त २ सेंटिमीटर अंतर ठेवून ४५ सेंटिमीटर उंचीची पुढची फळी. खालची बाजू पूर्ण उघडी. मागच्या फळीचा खाली उरलेला १५ सेंटिमीटरचा भाग उतरायला आणि वर सरकायला लागतो. आतल्या पृष्ठभागावर दर सेंटिमीटरला करवतीने आडवी चीर पाडा, म्हणजे नखं रुततील. डासांची जाळी आत ठोकायचा सल्ला दिला जातो तो ऐकू नका. जाळी सुटते आणि पंख अडकतात. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय इथे चालतो. वरचे सांधे पक्के बंद करा.

उष्णतेचा मुद्दा इथे सगळ्यात निकडीचा. थंड देशांतले आराखडे सांगतात की खोका काळा रंगवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आपल्याकडे तसं केलं तर मे महिन्यात आतली पिल्लं जिवंत राहणार नाहीत. बाहेरून पांढरा किंवा फिका पाण्याचा रंग, पुढच्या फळीत खालून १५ सेंटिमीटरवर हवेसाठी बोटभर रुंदीची आडवी फट आणि सकाळचं कोवळं ऊन वगळता दिवसभर सावली. जमलं तर एकामागे एक दोन फटींचा खोका करा, म्हणजे गरम झालं की ती मागच्या थंड फटीत सरकतात.

उंची चार मीटर किंवा जास्त, आणि खाली मोकळी जागा. वटवाघूळ आधी खाली झेपावतं आणि मग उडतं, त्यामुळे खाली फांद्या, तारा किंवा छज्जा असेल तर ती जागा बाद. झाडापेक्षा इमारतीची भिंत बरी. रस्त्याचा दिवा थेट खोक्यावर नको. दार, खिडकी, पाण्याची टाकी यांच्या वर तर नकोच, खाली लेंड्या पडतात. त्या कुंड्यांना उत्तम खत आहेत, पण गोळा करताना मास्क, हातमोजे घाला आणि आधी पाणी शिंपडा. खोका एक-दोन वर्षं रिकामा राहिला तरी काढू नका.

फळखाऊ वटवाघळं २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या वन्यजीव कायद्यात उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. कायदा सुधारला, भीती तशीच राहिली. नियम एकच पाळा: वटवाघळाला उघड्या हाताने कधीही उचलू नका, पिल्लूसुद्धा नाही. जमिनीवर पडलेलं दिसलं तर जाड कापडाने किंवा खोक्याने झाकून वन विभागाला किंवा प्राणिमित्रांना बोलवा. चावलं, ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

भरल्यानंतर काय करायचं, काय नाही

चिमणी तीन ते पाच अंडी घालते, दोन आठवड्यांच्या आतबाहेर ती उबतात आणि आणखी दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. या काळात छप्पर उघडून बघायचा मोह आवरा. पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात, दाण्यांवर ती वाढत नाहीत. म्हणून बागेत कीटकनाशक मारणं थांबवा, मेंदी-कोरांटीसारखं एखादं दाट कुंपण ठेवा, कोपऱ्यात कोरड्या मातीचा तुकडा मोकळा सोडा. त्या मातीत चिमण्या अंग घोळतात. चिमण्या कमी होण्याची कारणं सांगताना लोक मोबाइल टॉवरकडे बोट दाखवतात. घरट्याच्या जागा आणि किडे ही दोन कारणं मात्र आपल्या हातात आहेत.

संक्रांतीनंतर आवारातला मांजा वेचून टाका. चिमण्या तो घरट्यात नेतात आणि पिल्लांच्या पायांना तो काचतो.

पिल्लू खाली पडलं तर? माणसाचा हात लागलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात असं आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. ते खरं नाही. पिसं न आलेलं पिल्लू अलगद उचलून परत घरट्यात ठेवा, आईबाप त्याला भरवतात. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय. फक्त मांजराला घरात कोंडा.

एका हंगामात एकाच खोक्यात दोन-तीन विणी होतात, त्यामुळे मधे साफसफाई नको. पावसाळ्याच्या शेवटी, आत कुणी नाही याची खात्री करून, जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस उन्हात वाळवा. फवारा, डांबरगोळ्या, फिनेल काही वापरू नका. मुंग्या चढत असतील तर टांगायच्या पट्टीवर, भोकापासून लांब, ग्रीसचं पातळ बोट फिरवा.

कधी खोक्यात खार संसार मांडते, कधी गांधीलमाश्या, कधी पाल. खार असेल तर राहू द्या आणि चिमण्यांसाठी दुसरा खोका करा. गांधीलमाश्यांचं पोळं अगदी छोटं असतानाच, अंधार पडल्यावर, लांब काठीने काढता येतं. मोठं झालं असेल तर हिवाळ्यापर्यंत थांबा. आणि डंखरहित छोट्या माश्यांनी भोकाच्या तोंडाशी मेणाची नळी केलेली दिसली तर त्या खोक्याला अजिबात हात लावू नका. त्या पोयाच्या माश्या आहेत, तुमच्या भोपळ्या-काकडीच्या फुलांना त्यांचा उपयोगच होईल.